स्वहस्ते बसवलेली चाकं

माझं चष्म्याचं दुकान आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझा मेहुणा गाएतान ही हकिकत सांगतो तेव्हा हे वाक्य तो मुद्दाम शेवटाला ठेवतो, आणि मग सगळं सेंत-फिलोमेन गाव मांड्या बडवून हसतं. त्याला ती संधी मी देणार नाही. तर माझं चष्म्याचं दुकान आहे, ते गावातलं एकमेव आहे, आणि या हकिकतीत येणाऱ्या झाडून सगळ्यांच्या नाकावर मी दिलेला चष्मा आहे. एक गाएतान सोडून. गाएतानला चष्मा लागत नाही. त्याला सगळं येतं, सगळं दिसतं आणि सगळं आधीच ठाऊक असतं. देवानं प्रत्येक घराला एक असा मेहुणा दिलेला आहे, पण आमच्या वाटणीला जरा जास्तच आलं.

एक डिसेंबरच्या आत गाडीला हिवाळी चाकं चढली नाहीत तर पोलीस धरतात, हे आमच्या क्वेबेकात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उन्हाळी चाकं काढायची, शेडमध्ये ठेवायची, शेडमधली हिवाळी काढून गाडीला लावायची. शहाणी माणसं यासाठी गॅरेजची वेळ कधीच घेऊन ठेवतात. मी ऑक्टोबरात फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "जानेवारीत चालेल?"

"अहो बाई, कायदा डिसेंबरचा आहे."

"कायदा डिसेंबरचाच आहे हो, पण आमच्याकडे गाडी उचलायचे लिफ्ट दोनच आहेत."

आता यावर काय बोलणार? कायदा करणाऱ्यांनी लिफ्ट मोजले नाहीत, लिफ्टवाल्यांनी कायदा मोजला नाही, आणि मधल्या मधे माझ्यासारखा कर भरणारा माणूस रिसीव्हर कानाला लावून उभा. तरी मी गप्प बसलो असतो. पण त्याच आठवड्यात सुगीच्या सणाचं टर्कीचं जेवण होतं, सगळं सासर टेबलाभोवती जमलेलं, आणि लिझेतनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सहज तो जानेवारीचा विषय काढला.

"जानेवारी?" गाएतान टर्कीची तंगडी हातात धरून म्हणाला, "मग दाजी, तोपर्यंत तुम्ही चालत फिरा. तब्येतीला चांगलं."

"मग नाताळला मी आपली गाएतानबरोबरच येईन," सासूबाई म्हणाल्या.

लिझेत उठून उगाचच रस्सा गरम करायला गेली. ती का उठली ते मला ठाऊक होतं. सासरे गेल्यापासून ओर्तांसबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चर्चच्या चढणीवर अगदी वरच्या घरात एकट्या राहतात, आणि बर्फातल्या रस्त्याची त्यांनी धास्ती घेतली आहे. त्यांचा नियम असा, की नाताळच्या आदल्या रात्री जो मला सुखरूप खाली आणील त्याच्याच घरी मी जेवणार, आणि मी जिथं जेवणार तिथंच सगळं घराणं जेवणार. गाएतानकडे भलामोठा पिकअप आहे, त्यामुळे नाताळ दरवर्षी गाएतानकडे. तिथं कागदाच्या ताटल्या असतात आणि टीव्हीवर हॉकी चालू असते. आमच्या कपाटात लिझेतच्या आजीनं स्वतः भरतकाम केलेली तागाची चादर आहे, टेबलावर घालायची. दर डिसेंबरात लिझेत ती बाहेर काढते, तिला इस्त्री करते आणि परत कपाटात ठेवते. बोलत काहीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आई, या वर्षी तुम्हाला मी आणणार. आणि गॅरेजबिरेजची भानगड नाही. हिवाळी चाकं मी स्वहस्ते बसवणार."

"स्वहस्ते!" गाएतानला ठसका लागला. "दाजी, चाकाचे नट चष्म्याच्या स्क्रूएवढे नसतात बरं."

सासूबाईंनी मात्र माझ्याकडे नीट पाहिलं. "जावईबापू, एक डिसेंबरला रविवार आहे. चर्चमध्ये बीन्सचं जेवण आहे. मला घरून घ्या आणि चढण उतरून दाखवा. नीट उतरलात, तर नाताळ लिझेतकडे."

लिझेत रश्श्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत आशा होती की भीती, ते मला माझ्या उत्तमातल्या उत्तम चष्म्यातूनही कळलं नाही.

नोव्हेंबर कसा गेला ते विचारू नका. आधी बर्फापासून बचावाचा, गाडीवरचा कापडी मांडव उभारला. आमच्या गल्लीत हिवाळ्यात प्रत्येकाच्या गाडीवर असा पांढरा मांडव असतोच. उभारल्याच्या दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचे निरीक्षक प्लूर्द टेप घेऊन हजर. मांडव रस्त्याच्या कडेपासून वीतभर पुढं आला म्हणे. मी म्हटलं, मागं सरकवला तर तो जिन्यावर जातो. ते म्हणाले, मग जिना सरकवा. हे त्यांनी गंभीरपणे सांगितलं. गेल्या वर्षीच त्यांना मी दुहेरी भिंगांचा चष्मा दिलाय, वरून लांबचं आणि खालून जवळचं, आणि तो माणूस माझ्याच भिंगाच्या खालच्या भागातून माझाच मांडव मोजत होता. मी मांडव सरकवला. आता आम्ही घरात मागच्या दारानं जातो.

महिनाअखेरच्या शुक्रवारी लिझेत आईकडे राहायला निघाली. चर्चच्या जेवणासाठी मांसाचं सारण भरलेल्या रोट्या भाजायच्या होत्या. तिला न्यायला शेजारच्या पाकरेतबाई आपली गाडी घेऊन आल्या होत्या. पाकरेतबाई विधवा आहेत, स्वभावानं मायाळू आहेत, आणि आमच्या गल्लीत वर्तमानपत्र कुणी घेत नाही ते त्यांच्यामुळेच. दारातून जाता जाता लिझेत मला हळूच म्हणाली, "ओरेल, गाडीला हात लावू नकोस हं. मी आल्यावर बोलू."

"का म्हणून?"

ती पाकरेतबाईंकडे बघून थबकली. "काही नाही रे. उद्या बर्फ पडणार आहे. आराम कर."

आराम कर! नवऱ्यावरचा अविश्वास इतक्या गोड शब्दांत गुंडाळून कुणी हातात ठेवला नसेल. मी तेव्हाच ठरवलं, की उद्या सकाळी, काय वाटेल ते होवो.

शनिवारी सकाळी शेडमधून चाकं काढली. इथं मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. माझ्या दोन्ही जोड्या एकसारख्या आहेत. तशाच काळ्या लोखंडी रिमा, त्यांच्यावर तशीच चंदेरी व्हीलकप. लोक हिवाळ्यात कसल्याही भंगार रिमा लावून हिंडतात, मला ते बघवत नाही. माणसानं बारा महिने एकाच चेहऱ्यानं वावरावं. वसंतात मी हिवाळी चाकं काळ्या पिशव्यांत घालून प्रत्येक पिशवीवर माझ्या सुवाच्य अक्षरात 'हिवाळा' असं लिहून ठेवलं होतं. पिशव्या जागच्या जागी होत्या. उलट वसंतात मी बांधल्या होत्या त्याहून जास्त नीट बांधलेल्या दिसल्या, आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

चाकं घरंगळत मांडवापाशी आणली तोच समोरचे रोझेर आले. रोझेर आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झाले. आता ते खिडकीत बसून गल्ली चालवतात. त्यांच्या खांद्यावर घण होता.

"घण कशाला?" मी विचारलं.

"अरे, उन्हाळाभर बसलेलं चाक गंजून आतल्या आसाला चिकटतं. नट सुटले तरी चाक सुटत नाही. मागून घण हाणावा लागतो. तू फक्त नट काढ, पुढचं मी बघतो." त्यांचे डोळे चमकत होते. बिचाऱ्यांना बऱ्याच दिवसांत काही हाणायला मिळालं नव्हतं.

जॅक लावला. आता आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं. हे मी नगरपालिकेला तीनदा कळवलंय. जॅक वर जाण्याऐवजी ओल्या मातीत खाली जायला लागला. गाडी होती तिथंच, आणि मी मात्र जॅकबरोबर खाली चाललो होतो. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबला. काच खाली झाली आणि आतून कॉफीच्या वासाबरोबर गाएतानचा आवाज आला, "काय दाजी, नाचता येईना अंगण वाकडं?"

"अंगण खरोखरच वाकडं आहे!" मी ओरडलो. म्हण लावायला निदान अंगण तरी सरळ असावं लागतं. पण हे त्याला कोण सांगणार?

"खाली फळी घाला, फळी," गाएतान म्हणाला. गाडीतून उतरला नाही. इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

"फळी मी देते," म्हणत पाकरेतबाई आपल्या घरातून पाव कापायचा पाट घेऊन आल्या. जाड मेपलचा पाट, त्यांच्या सासूबाईंनी दिलेला. मी नको नको म्हणत होतो. तो जॅकखाली सरकवला, जॅकला दोन फेरे दिले, आणि पाटाचे कडाडकन दोन तुकडे झाले. मी ओशाळून बाईंकडे पाहिलं. त्या तुकड्यांकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे. चाळीस वर्षं मला तो टाकवत नव्हता." शेवटी रोझेरनी आपल्या जिन्याची एक पायरी काढून आणली.

मग नट. गॅरेजवाले ते हवेच्या बंदुकीनं आवळतात, माणसाचा विचार करत नाहीत. मी पान्याला लोंबकळलो, पान्यावर उभा राहिलो, पान्यावर उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला माझा चष्मा उडाला आणि रोझेरच्या बुटाखाली गेला. सोन्याच्या काड्यांचा होता. दुकानात दुसरे ढीगभर पडलेत, पण त्यासाठी काम सोडून गेलो असतो तर पिकअपच्या खिडकीतून काय काय ऐकावं लागलं असतं! मी तसाच पुढं झालो. त्यानंतरची सगळी कामगिरी मी धुक्यात केली आहे, हे कृपा करून लक्षात ठेवा. बाकीच्यांचे चष्मे शाबूत होते.

घरात फोन वाजत होता. थोड्या वेळानं परत वाजला. लिझेतचाच असणार, आराम कर म्हणायला. मी उचलला नाही.

पहिला नट सुटला तेव्हा निरीक्षक प्लूर्द कुत्रा फिरवत आले. शनिवारची सुट्टी होती, पण असल्या माणसांच्या अधिकाराला सुट्टी नसते.

"निवासी भागात उघड्यावर वाहनाची दुरुस्ती करायला मनाई आहे," ते म्हणाले.

"ही दुरुस्ती नाही. चाकं बदलतोय. सरकारचा हुकूम आहे."

"तो प्रांताचा हुकूम. हे गाव आहे."

"मग मांडवात आत घेऊ का गाडी?"

"बंद मांडवात दुरुस्ती करायला अग्निशमन दलाची परवानगी लागते."

"अहो, पण बदलली नाहीत तर पोलीस धरतील!"

"तो पोलिसांचा प्रश्न आहे," प्लूर्द म्हणाले. मग कुत्र्याची साखळी पाकरेतबाईंच्या हातात देऊन गाडीपाशी वाकले आणि म्हणाले, "हा जॅक तुम्ही भलत्याच जागी लावलाय."

झालं! त्या क्षणापासून नगरपालिकाही माझ्या चाकांच्या सेवेत रुजू झाली. रोझेर म्हणे नट चांदणीसारखे एकाआड एक आवळायचे. प्लूर्द म्हणे घड्याळाच्या दिशेनं. पाकरेतबाई म्हणे गोधडीची चौकट ताणतात तसे आधी सगळे सैल ठेवायचे. गाएतान कॉफी पीत म्हणे, "दाजींना त्यांच्या पद्धतीनं करू द्या हो, नंतर मी आहेच." आणि मी चिखलात पाठीवर. माझ्याच गाडीच्या बाबतीत माझंच मत कुणी विचारत नव्हतं.

मग ती गोष्ट घडली. शेवटचा नट निघाला, रोझेरनी हातावर थुंकून घण उचलला, आणि मी चाकाला नुसता हात लावला तर ते लोण्यातून सुरी निघावी तसं अलगद माझ्या मांडीवर आलं. गंज नाही, काही नाही. दुसरं चाक, तेच. तिसरं, चौथं, तेच.

"असं कधी होत नाही," रोझेर घण खाली ठेवत म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी पडला.

"सेंत आनची कृपा," पाकरेतबाईंनी छातीवर क्रूस काढला.

"हातात कसब असावं लागतं," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला स्वतःच्या हातांबद्दल अतिशय आदर वाटत होता.

पिशव्यांतली चाकं चढवली. एक नट उतारावरून गटारात गेला, तो प्लूर्दनी कुत्र्याकडून शोधून घेतला. सगळं झाल्यावर गाएतान एकदाचा पिकअपमधून उतरला. आपला लांब दांड्याचा पाना काढून त्यानं प्रत्येक नट कचकचून आवळला; हा पाना सकाळपासून त्याच्या सीटखाली होता! मग त्यानं एकेका चाकाला बुटानं लाथ मारली, उकिडवा बसला, चारही टायर निरखले, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"झकास टायर आहेत दाजी. आता आईला बसवायला हरकत नाही."

हे त्यानं चार माणसांदेखत म्हटलं आहे. पाचवा कुत्रा. काढलेली चाकं मी त्याच पिशव्यांत भरून 'हिवाळा' खोडून 'उन्हाळा' लिहिलं आणि कमरेला शेकत पडलो. फोन परत वाजला. म्हटलं, वाजू दे. आता उद्या प्रत्यक्षच दाखवू.

रविवारी सकाळी ऊन होतं. रस्त्यावर मीठ टाकलेलं, डांबर काळंभोर. नवा चष्मा घालून मी चढण अशी चढलो, की चर्चपाशी रांगेत उभ्या असलेल्या लोकांना मी हात केला. वर सासूबाईंच्या दारात गाएतानचा पिकअप आधीच उभा! "मागोमाग येतो दाजी, न जाणो," म्हणाला. हे 'न जाणो' मी अजून विसरलेलो नाही.

सासूबाईंचे बूट, शाल, दुसरी शाल, गॅस बंद केला का ते बघणं, हे होईस्तोवर आभाळ भरून आलं आणि बर्फ पडायला लागला. साधासुधा नाही, जाड, ओला, मिनिटात रस्ता पुसून टाकणारा. सासूबाई पुढं बसल्या, पर्स घट्ट धरून. लिझेत मांसाच्या रोट्यांची टोपली मांडीवर घेऊन मागं. गाडी फाटकातून बाहेर काढली आणि चढणीच्या तोंडाशी आणली.

"बघा आई," मी म्हणालो, "काल पाच तास खपून स्वहस्ते बसवलीत."

मागून आवाज आला, "काय बसवलंस?"

"चाकं. पिशव्यांतली."

मागं टोपली करकरली. मग लिझेत अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ओरेल, पिशव्यांत उन्हाळी चाकं होती."

"काहीतरीच. वर 'हिवाळा' लिहिलंय."

"गुरुवारी तू दुकानात होतास तेव्हा मी गॅरेजमध्ये बदलून आणली. कुणाचीतरी रद्द झालेली वेळ मला मिळाली होती. काढलेली त्याच पिशव्यांत भरली. पाकरेतबाईंसमोर कशी सांगणार होते? आणि काल तू फोन उचलेनास! मला वाटलं तू नेहमीसारखा टाळाटाळ करशील. खिडकीची जाळी लावायला तुला ऑगस्ट उजाडला होता!"

म्हणजे मी गाडीची हिवाळी चाकं काढून, भर हिवाळ्याच्या तोंडावर, तिला उन्हाळी चाकं बसवली होती! यावर मला पुष्कळ बोलायचं होतं. नवऱ्याच्या पाठीमागं त्याच्या गाडीची चाकं बदलणं याला संसारात काय म्हणतात, हे मला विचारायचं होतं. पण तेवढ्यात गाडीनं माझी परवानगी न घेता चढण उतरायला सुरुवात केली होती.

मी ब्रेक दाबला. ब्रेकनं ऐकलं, चाकांनी ऐकलं, थांबली नाही ती फक्त गाडी. आम्ही वेगानं जात नव्हतो, हे मी शपथेवर सांगीन. एखाद्या मिरवणुकीसारखे संथ, जरासे तिरपे, घसरत होतो. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, गाडी सरळ. उजवीकडे फिरवलं, गाडी सरळ. चढणीच्या तळाशी रस्ता डावीकडे चर्चकडे वळतो. आम्ही वळलो नाही. बीन्सच्या रांगेतले लोक एकेक करून आमच्याकडे बघत होते. पाद्रीबाबांनी हात वर केला, तो आशीर्वाद होता की थांबा म्हणत होते, देव जाणे. समोर गाएतानचं घर, आणि घरापुढं गाएतानचा पांढराशुभ्र, रिकामा, आ वासलेला मांडव.

आणि मी तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकी सुरेख गाडी मी कधी लावलेली नाही. दोन्ही बाजूंना सारखं अंतर सोडून आम्ही अगदी मधोमध आत गेलो, शेवटच्या दांडीला हलकेच टेकलो आणि थांबलो. मग एकेक दांडी सावकाश कलली, सगळा मांडव बर्फासकट आमच्यावर उतरला आणि आत पांढरा अंधार झाला.

मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. मी कसाबसा म्हणालो, "आई, आई, लागलं का हो?"

शेजारी सासूबाईंचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. मागून लिझेतचा हात पुढं आला. आणि मग तो आवाज फुटला. त्या हसत होत्या. पर्स छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, लहान मुलीसारख्या हसत होत्या.

"अगं लिझेत," त्या म्हणाल्या, "लहानपणी याच चढणीवरून मी आणि माझी बहीण फळीवर बसून घसरायचो. चर्चपाशी वळण घेणं आम्हालाही कधी जमलं नाही."

सासरे गेल्यापासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. लिझेतही हसायला लागली आणि मग हसता हसता रडायला लागली. मी मात्र हसलो नाही. माझ्यावर अन्याय झाला होता.

कापड उचललं गेलं आणि उजेडात गाएतानचं तोंड दिसलं. मागं रोझेर, पाकरेतबाई, आणि टेप काढत असलेले प्लूर्द.

"माझा मांडव!" गाएतान म्हणाला. मग वाकून त्यानं चाक पाहिलं, हात फिरवला आणि त्याला हसण्याच्या उकळ्या फुटल्या. "उन्हाळी टायर! अरे देवा, उन्हाळी टायर बसवलेत! ऐका हो ऐका, चष्मेवाल्याला टायर दिसला नाही!"

सासूबाई दाराला धरून बाहेर आल्या. शाल नीट केली. "गाएतान, काल ही चाकं बसवताना तू तिथं होतास?"

"होतो ना! सगळा तमाशा बघितला."

"आणि तपासलीस कुणी?"

गाएतान बुटाच्या टोकानं बर्फ उकरायला लागला. मला ही संधी सोडायची नव्हती. "यानंच तपासली आई! उकिडवा बसून! म्हणाला झकास टायर आहेत, आईला बसवायला हरकत नाही!"

"असं म्हणाला होता खरा," पाकरेतबाई म्हणाल्या.

"मी तर घण घेऊन उभा होतो," रोझेर पुटपुटले. "म्हणूनच गंज नव्हता! मला वाटलंच होतं काहीतरी."

"वाटलं होतं तर बोलला का नाहीत?" मी कडाडलो. "इतके जण माझ्या चाकांकडे तासन्‌तास डोळे फाडून बघत होतात! प्लूर्द, तुम्हाला वीतभर पुढं आलेला मांडव दिसतो आणि अख्खा टायर दिसत नाही?"

"टायर आमच्या खात्याकडे येत नाहीत," प्लूर्द म्हणाले, आणि पडलेला मांडव मोजायला लागले.

सासूबाईंनी हात वर केला. "नाताळ लिझेतकडे," त्या म्हणाल्या. "मला आणायला लिझेत येईल. गाडी लिझेत चालवील. तुम्ही दोघं शहाणे मागं बसाल. आता बीन्स थंड होतायत."

त्या चर्चकडे निघाल्या. लिझेत माझ्याजवळ आली, माझ्या कोटावरचा बर्फ झटकला आणि माझा हात दाबला. मी हात काढून घेतला. मग जरा वेळानं परत दिला.

नाताळच्या आदल्या रात्री लिझेतनं चादर काढली, इस्त्री केली आणि परत कपाटात ठेवली नाही. टेबलावर घातली. घड्यांच्या जागी वर्षानुवर्षांच्या रेघा पडल्या होत्या, त्यांच्यावरून ती हात फिरवत राहिली. चिनी मातीच्या ताटल्या मांडल्या, मेणबत्त्या लावल्या. गाएतान माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसून आला होता आणि साऱ्या वाटेत एक शब्द बोलला नव्हता. जेवताना मात्र त्यानं सगळी हकिकत परत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "माझे दाजी! चष्म्याचं दुकान आहे त्यांचं..." आणि सगळं टेबल मांड्या बडवून हसलं. मी मीठ मागितलं तेही कुणाला ऐकू आलं नाही. ही चादर आज टेबलावर आहे ती कुणामुळं, हा साधा विचार एकाच्याही मनात आला नाही. लिझेतनं बसवून आणलेल्या चाकांवर मी चढण नीट उतरलो असतो, तर सासूबाई खाली उतरून नुसतं "बरं" म्हणाल्या असत्या, तशा हसल्या नसत्या.

एवढ्यात माझ्या बाहीला कुणीतरी हळूच ओढलं. सासूबाई माझ्याकडे कलल्या होत्या. मेणबत्तीच्या उजेडात त्यांचे डोळे, माझ्या दुकानातल्या भिंगांमागं, लकाकत होते.

"जावईबापू," त्या कुजबुजल्या, "ती दुसरी चाकं अजून शेडमध्येच आहेत ना?"

"आहेत आई. का हो?"

त्यांनी लिझेतकडे एक चोरटी नजर टाकली. "काही नाही. जानेवारीत ती एखाद्या रविवारी पाकरेतकडे जाईलच की. तेव्हा स्वहस्ते बसवा."